सडा, सातबारा आणि ‘संवेदनशील’ गाव

वाचकांचे प्रश्न : जमीन आणि घर
(उत्तरं देणारे स्तंभलेखक महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत.)

प्रश्न : आमची वाडी राजापूर तालुक्यात, सड्याच्या (जांभ्या कातळाच्या पठाराच्या) पायथ्याला. वरचा सडा चार चुलत घराण्यांच्या सामायिक सातबाऱ्यावर आहे. मुंबईतल्या एका चुलत दिरांनी आपला हिस्सा बाहेरच्या पार्टीला विकला. आता पत्र्याचं कुंपण पडलंय, जेसीबी फिरतोय आणि ‘40 व्हिला प्लॉट’ असा बोर्ड लागलाय. सरपंच म्हणतात, आपलं गाव इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) यादीत आहे, काही होणार नाही. पण काम तर चालू आहे. खाली आमची विहीर आहे. काय करावं?

उत्तर : ताई, सरपंच खोटं बोलत नाहीत, पण त्या यादीवर विसंबून घरी बसू नका. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीचा अहवाल 2011 मध्ये आला, कस्तुरीरंगन गटाचा 2013 मध्ये. 2014 पासून केंद्राने संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुद्यामागून मसुदे काढले. सहावा 31 जुलै 2024 चा, त्यात महाराष्ट्राचं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. नोव्हेंबर 2013 चे केंद्राचे निर्देशही आहेत. पण या सगळ्यांत बंदी कशावर आहे ते वाचा : खाणी, दगडखाणी, वाळू, औष्णिक वीज, लाल यादीतले (सर्वाधिक प्रदूषण करणारे) कारखाने, आणि 20,000 चौरस मीटरच्या वरचं बांधकाम. टाउनशिप असेल तर 50 हेक्टरच्या वरची.

आता तुमच्या बोर्डावरचा हिशेब करा. 40 बंगले, प्रत्येकी 150 चौरस मीटर धरा, झाले 6,000. मर्यादेच्या एक तृतीयांशही नाहीत. शिवाय जमिनीच्या खरेदी-विक्रीवर मसुद्यात बंधनच नाही. कोकणातली बहुतेक प्लॉटिंग याच मापाची असतात, आणि शेजारच्या गटात तसंच दुसरं उभं राहिलं की त्याचा हिशेब पुन्हा वेगळा. म्हणजे सगळा डोंगर बंगल्यांनी भरला तरी ‘मोठा प्रकल्प’ कागदावर कुठेच दिसणार नाही.

तुमच्या हातातला खरा कागद म्हणजे तो सामायिक सातबारा. ज्याला आपण आयुष्यभर शिव्या घालतो, नावांची ती लांबलचक माळ, तीच इथे कामाला येते. दिरांना आपला अविभक्त हिस्सा विकता येतो, हे खरं. पण घेणाऱ्याला मिळतो तो वाटप मागण्याचा हक्क. ‘समुद्राच्या बाजूचा हाच तुकडा माझा’ असं म्हणायचा हक्क मिळत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप झालेलं नसेल, मोजणी होऊन पोटहिस्सा पडलेला नसेल, तर ते कुंपण कुठल्या नकाशावरून घातलं? हा प्रश्न तहसीलदारांना लेखी विचारा आणि दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावून मनाईहुकूम मागा. वकील तालुक्याचाच घ्या, तारखेला हजर तरी राहील.

खरेदीखताचा फेरफार (सातबाऱ्यावर नवं नाव चढवण्याची नोंद) अजून मंजूर झाला नसेल तर आजच तलाठी कार्यालयात जा. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत हरकत घेता येते. हरकतीत रडगाणं नको. गट नंबर, आपलं नाव, ‘वाटप झालेलं नाही’ आणि ‘चतुःसीमा मान्य नाहीत’ एवढंच लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

कुणीतरी तुम्हाला हिंदू वारसा कायद्याचं कलम 22 सांगेल. वारसांपैकी एकाने हिस्सा विकायला काढला तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क असतो, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं. पण हा हक्क एकाच मयताच्या थेट वारसांचा. दोन पिढ्या मागे फुटलेल्या चुलत घराण्यांना तो बहुधा मिळत नाही. ज्यांच्या घरात सख्खी भावंडं आहेत त्यांनी मात्र हे कलम लक्षात ठेवावं, गणपतीला सगळे घरी येतात तेव्हा बोलून ठेवावं.

दुसरा मार्ग मी नोकरीतल्या अनुभवावरून सांगतो, कारण पर्यावरणाच्या अर्जापेक्षा तो लवकर हलतो. सडा सपाट करताना निघालेला मुरूम आणि चिरा कुठे गेला? ते गौण खनिज आहे, सरकारची परवानगी घेऊनच काढायचं. परवानगीशिवाय काढलं तर महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड बसतो. फोटो काढा, डंपरचे नंबर आणि तारखा लिहा, तहसीलदारांकडे अर्ज द्या. स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) विषय निघाला की पंचनामा होतो.

आणि विहिरीचं. सातबाऱ्यावर सडा ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून लिहिलेला असतो, म्हणून तो स्वस्तात जातो आणि मालकालाही वाटतं, कातळ तर गेला. जूनमध्ये त्यावर पडलेलं पाणी बघा. आधी खळग्यांत साचतं, मग जांभ्याच्या भेगांतून आत उतरतं, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतं आणि आडवं सरकत पायथ्याला झऱ्यात निघतं. वाडीच्या विहिरी नेमक्या तिथेच का खणल्या, ते आपल्या आजोबांना भूगर्भशास्त्र न शिकता कळत होतं. वर काँक्रीटचे रस्ते झाले, 40 बोअर पडल्या, की तेच पाणी आषाढात पऱ्यातून (ओढ्यातून) माती घेऊन तुमच्या भातात येणार आणि फाल्गुनात विहिरीत नसणार. म्हणून यंदाच्या पावसाळ्यानंतर दर महिन्याला विहिरीतल्या पाण्याची पातळी दोरीने मोजून वहीत लिहा, ग्रामसेवकांची सही घ्या. वाडीची नळपाणी योजना त्या विहिरीवर असेल तर 2009 चा भूजल कायदा सार्वजनिक स्रोताला संरक्षण देतो, पण आधी पाणी किती होतं हे दाखवायला वही लागते.

जाता जाता : सड्यावर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली प्राचीन चित्रं, आहेत का ते वाडीतल्या गुराख्यांना विचारा. कोकणातल्या कातळशिल्पांचा 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. जेसीबीच्या पात्याला यादी कळत नाही, तेव्हा चित्र सापडलं तर जागेचे फोटो आणि गट नंबर पुरातत्त्व विभागाला लगेच कळवा.

लेआउटला मंजुरी कुणी दिली ते माहितीच्या अधिकारात मागवा. 2024 मध्ये सरकारने कोकणातल्या दीड हजारांहून जास्त गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. तुमचं गाव त्यात आहे का, हे आधी बघा. नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसेल.

प्रश्न : मी ठाण्यात नोकरी करतो, मूळ गाव गुहागर तालुक्यात. निवृत्तीनंतर कोकणात घर हवं म्हणून ‘5 गुंठे, सी-व्ह्यू, ॲग्रीकल्चर प्लॉट, फार्महाऊस बांधा’ ही जाहिरात पाहून बुकिंगचा विचार आहे. एजंट म्हणतो, सगळे घेतायत.

उत्तर : सगळे घेतायत म्हणूनच वरच्या ताईंनी पत्र लिहिलंय.

जमीन शेतीची असेल तर कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे तुम्ही शेतकरी असल्याचा दाखला लागेल. फार्महाऊसला किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर लागतं. 5 गुंठ्यांत ते कसं बसवणार, हे एजंटला विचारा. तुकडेबंदी आहे, म्हणजे शेतजमिनीचे ठरावीक मापापेक्षा लहान तुकडे विकता येत नाहीत, म्हणून असे प्लॉट अनेकदा दहा जणांच्या नावे एकत्र खरेदीखत करून विकतात. म्हणजे तुम्ही पैसे देऊन सामायिक सातबारा विकत घेता, तोही अनोळखी माणसांबरोबरचा! जमीन बिनशेती असेल आणि क्षेत्र 500 चौरस मीटरच्या वर असेल, तर लेआउटला महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा) नंबर हवा. जाहिरातीत तो नसेल तर फोन ठेवा. समुद्र खरंच दिसत असेल तर भरतीरेषेपासूनचं अंतरही बघा. साध्या विरळ वस्तीच्या खेड्यात सीआरझेडचं (किनारा नियमन क्षेत्राचं) 200 मीटर ना-विकास क्षेत्र असतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नवा प्लॉट घेऊच नका. गावात तुमच्या आजोबांचं घर असेलच, बंद. वासे वाळवीने खाल्लेले, पडवीचे नळे सरकलेले, परसात जुनी विहीर. त्याच्या दुरुस्तीला जेवढा खर्च येईल त्यापेक्षा जास्त तुमच्या बुकिंगला लागणार आहे. अडचण पैशांची नसते, बाकीच्या आठ हिस्सेदारांच्या सहीची असते, हे मला ठाऊक आहे. तरी मे महिन्यात एकदा सगळ्यांना बसवा. वहिवाटीचा कागद करा, कोण कुठल्या खोल्या वापरणार, घरपट्टी कोण भरणार, ते लिहा.

प्रश्न : दोडामार्ग तालुक्यातला आहे, वय 26. बाहेरचे बंगले बांधतात आणि आम्हाला मात्र झाड तोडायचं तरी बंदी, घराला दोन खोल्या वाढवायच्या तरी भीती. हे संरक्षण कुणासाठी?

उत्तर : राग बरोबर आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या करा. वृक्षतोडीची बंदी उच्च न्यायालयाची आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली 25 गावं संवेदनशील जाहीर करण्याचा आदेशही त्याच न्यायालयाने मार्च 2024 मध्ये दिला. त्यासाठी पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या होत्या, कारण डोंगर खाणीसाठी जात होता. घराचं म्हणाल तर केंद्राच्या मसुद्यात राहत्या घराची दुरुस्ती, वाढ, नूतनीकरण यांना मोकळीक दिली आहे. ‘संवेदनशील म्हणून खोली वाढवता येणार नाही’ असं तुम्हाला तोंडी कुणी सांगितलं असेल, तर तेच लेखी मागा. लेखी सहसा मिळत नाही. आणि गावठाण अपुरं पडत असेल तर विस्ताराचा ठराव ग्रामसभेत तुम्हीच मांडा, तरुणांची यादी जोडून.