माझी कॉर्ड प्रोग्रेशन (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे, म्हणजे कॉर्डचे, क्रम) तीच ती वाटतात. कॉर्डना नंबर देऊन काही फरक पडतो का?

नक्की पडतो. कॉर्ड स्केलमधल्या (सप्तकातल्या) कितव्या स्वरावर उभी आहे, तो तिचा नंबर. सी मेजर स्केलमध्ये १, ४, ५ मेजर (सी, एफ, जी), २, ३, ६ मायनर आणि ७ डिमिनिश्ड, हे तिन्ही कॉर्डचे प्रकार. १-५-६-४ म्हणजे सी, जी, ए मायनर, एफ. गायकाने पट्टी बदलून जी मागितली, तर त्याच आकड्यांचे जी, डी, ई मायनर, सी होतात.

खरी मजा अदलाबदलीत आहे. ४ च्या जागी २ वाजवून बघा. एफ कॉर्डमध्ये (४) एफ-ए-सी हे स्वर, डी मायनरमध्ये (२) डी-एफ-ए. दोन स्वर सारखे, म्हणून चाल बिघडत नाही, पण रंग लगेच बदलतो. मग २-५-१ करा. ५ मधला बी स्वर सीकडे ओढ घेतो, त्यामुळे १ वर आल्यावर कानाला समेवर आल्यासारखं वाटतं. असं समेवर येणं टाळायचं असेल तर ५ नंतर ६ घ्या.