आठ लाखांचं मॉड्युलर, की वाड्याचं सागवान?

प्रश्न: कोथरूडला ३२ वर्षं जुन्या इमारतीत आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मॉड्युलर (कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या) कपाटांचे आणि किचनचे ८ लाख सांगितलेत. १२ टक्क्यांनी ५ वर्षांचं पर्सनल लोन मिळतंय. गावचा वाडा उतरवला, त्याच्या सागवानी चौकटी पडून आहेत. त्या वापरून सुतार ३.४ लाखांत काम करतो म्हणतो. एफडीत ५ लाख आहेत, महिन्याचा खर्च ४५ हजार. सोसायटीत रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत.

उत्तर: रिडेव्हलपमेंटचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण हिशोब तिथूनच सुरू होतो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. पुढे इमारत पाडायची वेळ आली की भिंतीला जखडलेलं सगळं राडारोड्यात जाईल, हप्ते मात्र चालूच राहतील. आठ लाखांचा हप्ता १७,७९६ रुपये, एकूण फेड १०.६८ लाख. एवढं करून हातात बहुधा पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी. एकदा काढलेला स्क्रू त्यात पुन्हा नीट धरत नाही, आणि पाणी लागलं की कडा फुगतात.

म्हणून सुतारच बरा, पण काम सुटं करून नेता येणारं हवं. भिंतभर एकच वॉर्डरोब नको. दोन फूट रुंद, साडेसहा फूट उंच सुटी कपाटं करा, लॉफ्ट वेगळा ठेवा. भाड्याच्या घरात जाताना ती जिन्यातून उतरतात आणि दुसऱ्या मापाच्या भिंतीलाही लागतात. दोन कपाटं एकमेकांना फक्त नट-बोल्टने जोडायची, तिथे फेविकॉल आणि खिळे चालणार नाहीत, हे आधीच लिहून घ्या. सुताराचा हात सवयीने फेविकॉलकडेच जातो. स्वयंपाकघरातले कडाप्पे धड असतील तर ओटा फोडू नका. त्याच खणांत स्टीलच्या ट्रॉल्या बसतात.

सागवान मात्र मोजूनच हिशोबात धरा. ७ बाय ३ च्या दाराची, ५ बाय ३ इंच जाडीची, उंबरा नसलेली चौकट म्हणजे १७ फूट लाकूड, पावणेदोन घनफूट. तडे, सांध्यांची भोकं, खिळ्यांची जागा यांत ३० टक्के घट धरली तर सव्वा घनफूट उरतं. त्यात कपाटांच्या दारांच्या फ्रेमा होतील, अख्खी कपाटं नाहीत. कपाटांच्या खोक्यांना प्लाय लागेलच. सिंकजवळ आयएस ७१० चाच, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या. चौकटीखाली पिठासारखा भुसा दिसला तर आत कीड आहे, ती बाजूला काढा. कापण्याआधी खिळे एकूण एक उपटा, एक राहिला तरी करवतीचं पातं जातं.

पैशांचं असं: ३.४ लाखांवर १५ टक्के वाढ धरून ३.९१ लाख. सहा महिन्यांचा खर्च, २.७ लाख, एफडीतच राहू द्या. उरलेल्या २.३ लाखांत आत्ता स्वयंपाकघर आणि एक बेडरूम उरका. बाकीच्या १.६१ लाखांसाठी तोच १७,७९६ चा हप्ता बँकेऐवजी स्वतःच्या आरडीत भरा; नऊ महिन्यांत जमतात. सुताराला रोजावर ठेवू नका, काम रेंगाळतं. एकेक कपाट उभं राहिलं की त्याचे पैसे द्या.

रिडेव्हलपमेंटच्या करारावर सह्या झाल्याच, तर दुसरा टप्पा, म्हणजे उरलेलं काम, थांबवा आणि चौकटी तशाच झाकून ठेवा.