चिपवरच्या इवल्याशा थेंबात डीएनए वाचतात म्हणे. एवढ्याशा थेंबात मशीन मावतं कसं?

मावत नाही. बहुतेक पद्धतींत थेंबात वाचन होतच नाही. थेंबाचं काम एवढंच की एका पेशीचा माल दुसरीच्या मालात मिसळू द्यायचा नाही. वाचन नंतर, नेहमीच्या सिक्वेन्सरवर, म्हणजे डीएनए वाचणाऱ्या यंत्रावर.

2015 साली आलेली ड्रॉप-सेक पद्धत घ्या. सिलिकॉन रबराच्या पारदर्शक चिपमध्ये केसाच्या जाडीच्या आसपासचे मार्ग असतात. एकातून पेशी येतात, दुसऱ्यातून बारीक मणी आणि पेशी फोडणारं द्रावण, दोन्ही बाजूंनी तेल. तेलाच्या चिमटीत पाण्याची धार सापडली की थेंब तुटतो. एकेक थेंब जेमतेम 1 नॅनोलिटर, म्हणजे 1 मिलीलिटरमध्ये 10 लाख! चिप चालू असताना नुसत्या सूक्ष्मदर्शकातून थेंब सुटे दिसत नाहीत, रेघच दिसते. त्याला वेगवान कॅमेरा हवा. तेल जड असल्यामुळे ट्यूबमध्ये थेंबांचा पांढुरका थर वर तरंगतो.

खरी करामत मण्यावर आहे. प्रत्येक मण्यावर डीएनएचा 12 अक्षरी बारकोड असतो, आणि चार अक्षरांतून असे 1 कोटी 67 लाखांवर बारकोड बनतात. थेंबात पेशी फुटते, तिचा आरएनए, म्हणजे चालू जनुकांची पेशीतली नक्कल, मण्याला चिकटतो. मग थेंब फोडून सगळे मणी एकत्र करायचे, आरएनएवरून डीएनएची प्रत बनवायची आणि ती वाचायची. (म्हणजे ड्रॉप-सेकमध्ये मूळ माल आरएनए, हे सांगायला लोक विसरतात.) आहेराची पाकिटं एका पिशवीत कोंबली तरी वर नाव असलं की कुणाचं कोणतं ते कळतं, तसंच हे.

पण पेशी काही रांगेत येत नाहीत. सरासरी दहा थेंबांमागे एक पेशी असं प्रमाण ठेवलं, तर 100 पैकी 90 थेंबांत पेशीच नसते, 9 मध्ये एक, आणि 200 मागे एखाद्यात दोन. ही उधळपट्टी मुद्दाम करतात, कारण रिकामा थेंब परवडतो, दोन पेशींचा नाही. त्यात दोघींचा माल एकाच बारकोडखाली जातो.

हे तपासायला माणसाच्या आणि उंदराच्या पेशी मिसळून चिपमधून सोडतात. एकाच बारकोडखाली दोघांचे जनुक निघाले, तर त्या थेंबात दोन पेशी होत्या. असा कुठलाही पेपर वाचाल तेव्हा मी तरी आधी हा माणूस-उंदराचा आलेख बघायला सांगेन, पेशींचे रंगीत नकाशे नंतर.