न्यू जर्सीला येताय? वकील शोधण्याआधी आणि शोधताना

नमस्कार. पुण्याहून जूनमध्ये एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) न्यू जर्सीला येताय, सोबत पत्नी आणि लहान मुलगी. "तिकडे कोणीही कोणावर दावा ठोकतो" असं ऑफिसातल्या लोकांनी सांगितल्यामुळे एखादा दिवाणी वकील आधीच बघून ठेवावा का आणि परक्या देशात आपले हक्क काय, असं तुम्ही विचारलंय.

वकील आत्ता शोधू नका. इथे येताना आणि पहिल्या महिन्यात तुम्ही तीन कागदांवर सह्या कराल: नोकरीचा करार, घराचा भाडेकरार आणि गाडीची इन्शुरन्स पॉलिसी. पुढे कोर्टाची पायरी चढावी लागलीच, तर तुमची बाजू किती भक्कम आहे हे बरंचसं या सह्यांनीच ठरलेलं असतं. मी वकील नाही. एडिसनला राहते, गाडीच्या अपघातानंतरच्या दाव्यात वादी म्हणून सगळ्या पायऱ्या पाहिल्या आहेत. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असतो, त्यामुळे खालचं सगळं फक्त न्यू जर्सीपुरतं.

भाडेकरार सोपा आहे. घरमालक दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ शकत नाही. घर सोडल्यावर ३० दिवसांत, काही कापलं असेल तर त्याच्या तपशिलासह, ते परत द्यावं लागतं. विनाकारण अडवलं तर कोर्ट दुप्पट रक्कम द्यायला लावू शकतं. यात एक खाच आहे. घरमालक त्याच घरात राहत असेल आणि भाड्याने दिलेले भाग दोनच किंवा एकच असतील, तर तुम्हाला ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन हा कायदा लागू करून घ्यावा लागतो. आपले बरेच लोक अशाच घरांत पहिलं बिऱ्हाड करतात, म्हणून मुद्दाम लिहिते. ५,००० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) वकिलाशिवाय चालवता येतो. घरात शिरताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवा, तिथे तेच उपयोगी पडतात.

गाडीच्या पॉलिसीकडे मात्र नीट बघा. एजंट हप्ता कमी दाखवण्यासाठी 'लिमिटेशन ऑन लॉसूट' हा पर्याय निवडून देतो. तो घेतला की दुसऱ्याच्या चुकीने अपघात झाला तरी वेदना आणि त्रासाबद्दल भरपाई मागण्याचा हक्क तुम्ही जवळजवळ सोडून देता. कायमची इजा, जागेवरून सरकलेलं हाड, मोठा व्रण अशा ठरावीक गंभीर गोष्टी असतील तरच दावा टिकतो. आणि ही अट फक्त तुम्हाला नाही, स्वतःची वेगळी पॉलिसी नसलेल्या तुमच्या पत्नीला आणि मुलीलाही लागू होते. माझं मत स्पष्ट आहे: परवडत असेल तर 'नो लिमिटेशन'च घ्या. मान महिनोन् महिने दुखते, पण ती 'कायमची' दुखावली आहे हे सिद्ध करायला डॉक्टरांचे ठोस पुरावे लागतात.

नोकरीच्या करारात 'अमुक वर्षांच्या आत सोडलं तर इतके हजार डॉलर' असं कलम असेल, तर सही करण्यापूर्वी नोकरीविषयक कायद्याच्या वकिलाला तासाभराची फी देऊन दाखवा. लवकर सोडल्याबद्दल दंड लावायला एच-१बीच्या नियमांत बंदी आहे, पण वाजवी, आधी ठरवलेली नुकसानभरपाई कंपनी मागू शकते. कलम यापैकी कशात मोडतं, यावरच सगळं अवलंबून असतं. वाद कोर्टाऐवजी लवादाकडे जाईल अशी ओळ आहे का, तेही विचारा.

तुम्ही नागरिक नाही म्हणून दिवाणी कोर्टाचं दार बंद होत नाही. व्हिसावरचा माणूस दावा लावू शकतो, आणि भाषेची अडचण असेल तर कोर्ट दुभाषी विनामूल्य देतं. दार बंद होतं ते मुदत उलटल्यामुळे. शारीरिक इजेचा दावा दोन वर्षांत लावावा लागतो, कराराचा सहा वर्षांत. पण समोर नगरपालिका, सरकारी शाळा किंवा एनजे ट्रान्झिटची (राज्याच्या सरकारी वाहतूक सेवेची) बस असेल, तर ९० दिवसांत लेखी नोटीस पोचली पाहिजे. ही मुदत फार जणांना माहीत नसते. उलट तुमच्यावरच दावा झाला, तर समन्स मिळाल्यापासून ३५ दिवसांत उत्तर द्यायचं. आपल्याकडची 'पुढची तारीख मिळेल' ही सवय इथे चालत नाही. उत्तर नाही गेलं तर तुमचं न ऐकताच निकाल लागू शकतो.

आता वकील. भारतात वकिलाला जाहिरात करायला आणि निकालातल्या रकमेत वाटा घ्यायला मनाई आहे. इथे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९७७ च्या निकालापासून जाहिरात चालते, आणि इजेच्या दाव्यात वाटा हीच रूढ फी आहे. हमरस्त्यावरच्या मोठ्या फलकावरचा चेहरा तुमची केस स्वतः चालवेलच असं नाही. मी भेटलेल्या एका ऑफिसात पहिल्या भेटीत वकील दिसलाच नाही, सहायकाने फॉर्म भरून घेतला. तिथून मी उठले.

इथे बहुतेक दावे तडजोडीत मिटतात, मग कोर्टात उभा राहणारा वकील कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण इन्शुरन्स कंपनी किती रक्कम पुढे करते, हे समोरचा वकील खरोखर ज्युरीपुढे जातो की नाही यावर ठरतं. दिवाणी खटल्यात इथे साधारण सहा नागरिकांची ज्युरी बसते, आणि त्यांच्यापुढे साक्षीदार उभे करणं हे वेगळं कसब आहे. म्हणून 'सर्टिफाइड सिव्हिल ट्रायल ॲटर्नी' शोधा. हा दर्जा न्यू जर्सीचं सुप्रीम कोर्ट देतं. त्यासाठी किमान पाच वर्षांची सनद, खटले चालवल्याचा अनुभव, इतर वकील आणि न्यायाधीशांचे अभिप्राय आणि लेखी परीक्षा लागते. मासिकांतली 'टॉप वकील' पदकं याच्यापुढे काहीच नाहीत. नाव मिळालं की सनद चालू आहे का आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, ते कोर्टाच्या संकेतस्थळावर बघा. मराठी मंडळातून किंवा देवळातून नाव मिळालं तरी हे बघाच. ओळखीचा माणूस चांगला असतो, पण त्याने आयुष्यभर घरांच्या खरेदी-विक्रीचेच कागद केलेले असू शकतात.

भेटीत सरळ विचारा: माझी केस तुम्ही स्वतः चालवणार का? अलीकडे ज्युरीपुढे शेवटचा खटला कधी चालवला? हरलो तर तज्ज्ञ डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च कोणाचा? फीचा करार लेखीच हवा. इजेच्या दाव्यात पहिल्या ७,५०,००० डॉलरवर जास्तीत जास्त एक तृतीयांश, आणि तोही खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर. म्हणजे ९०,००० मिळाले आणि ६,००० खर्च झाले, तर वकिलाला २८,००० आणि तुम्हाला ५६,०००. त्यातूनही कधी दवाखान्याची देणी जातात. कराराच्या वादात मात्र फी तासावर असते आणि जिंकलात तरी ती सहसा आपल्याच खिशातून जाते. ग्राहकाची फसवणूक सिद्ध झाली तर तिप्पट भरपाई आणि वकिलाची फी दोन्ही मिळतात, त्यामुळे तुमचं प्रकरण त्यात बसतं का ते जरूर विचारा.

अपघातानंतर अनोळखी माणूस फोन करून 'वकील देतो, डॉक्टर देतो' म्हणाला तर फोन ठेवा. पैसे घेऊन अशी गिऱ्हाइकं आणून देणं हा इथे गुन्हा आहे. समोरच्याच्या इन्शुरन्स कंपनीला रेकॉर्डवर जबाब द्यायलाही तुम्ही बांधील नाही. स्वतःच्या कंपनीला मात्र माहिती द्यावी लागते.

दावा लागला की महिनोन् महिने कागदांची देवाणघेवाण चालते, आणि एक दिवस समोरचा वकील तुम्हाला शपथेवर प्रश्न विचारतो. शब्द न् शब्द टिपला जातो. आपल्यासारखी मान डोलावली तर टिपणारा थांबतो, म्हणून प्रत्येक वेळी 'हो' किंवा 'नाही' उच्चारा. विचारलं तेवढंच सांगा. पाठदुखीचा दावा चालू असताना ट्रेकचे जुने फोटोसुद्धा टाकू नका, ते समोर येतातच.

वकील मधेच बदलता येतो. फीवरून वाद झाला तर जिल्ह्याच्या फी लवाद समितीकडे जाता येतं, आणि फीसाठी तुमच्यावर दावा लावण्याआधी वकिलाने तुम्हाला तशी नोटीस देऊन ३० दिवस थांबावं लागतं.

शेवटी तुम्ही पुण्यातल्या फ्लॅटबद्दल विचारलंय. त्याचा वाद पुण्याच्याच कोर्टात चालेल, इथला वकील त्यात काही करू शकत नाही. फ्लॅट भाड्याने देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी ही महाराष्ट्रात घरमालकाची जबाबदारी आहे. ती विमानात बसण्यापूर्वी उरका, आणि भावाला द्यायचं कुलमुखत्यारपत्रही तिथेच करून घ्या.