एमडी रेडवरची बीटीआरएफएस चूक पकडते, पण दुरुस्त का करत नाही?
एमडी म्हणजे लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड; त्याचा रेड-१ दोन डिस्कवर सारख्याच प्रती ठेवतो. अशा दोन डिस्कच्या एमडी रेड-१ वर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टम असेल, तर तिला खाली एकच डिस्क दिसते. चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायची संख्या) जुळला नाही, तरी दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत ती मागू शकत नाही. थेट आय/ओ एरर येते. मेटाडेटा (फाइल सिस्टमच्या स्वतःच्या नोंदी) डीयूपी, म्हणजे दोन प्रतींत, असेल तर तेवढा बचावतो.

अशा वेळी एमडीचा ‘रिपेअर’ चालवू नका. खरी प्रत कोणती हे त्याला कळत नाही. तो एक प्रत दुसरीवर लिहून टाकतो, मग ती सडलेली का असेना.

शक्य असेल तर बीटीआरएफएसचाच रेड-१ करा आणि महिन्याला स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसम तपासणं) चालवा. एमडी हवाच असेल तर त्याच्या खाली प्रत्येक डिस्कवर डीएम-इंटिग्रिटी, म्हणजे डिस्कवरच्या डेटाचे चेकसम ठेवणारा लिनक्सचा थर, घाला (फॉरमॅट करताना डिस्क पुसली जाते). मग बिघाड एमडीला रीड एरर म्हणून दिसतो आणि दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त होतो. डीएम-इंटिग्रिटीच्या जर्नलमुळे डेटा दोनदा लिहिला जातो (आधी जर्नलमध्ये, मग जागेवर), त्यामुळे लेखन बरंच मंदावतं.