धूमकेतूंवर पीएचडी करायला लिएजला यायचं ठरवते आहेस, म्हणून

पुण्यात एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि धूमकेतूंवर पीएचडी करायला बेल्जियममध्ये लिएजला यावं का, असं तू विचारलं आहेस. घरचे म्हणतात, चार वर्षांनी पुढे काय? मला इथे सहा वर्षं झाली. पीएचडी संपली, आता पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या कराराच्या संशोधनाचं, दुसरं वर्ष चालू आहे. माझं म्हणणं, ये. पण काम कसलं असतं ते आधी नीट समजून घे.

रात्रभर दुर्बिणीपाशी बसायचं, असं चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते तसं नाही. लिएजचं आकाश बऱ्याचदा ढगाळ असतं. आमच्या दुर्बिणी दूर आहेत. ट्रॅपिस्ट नावाच्या, ६० सेंटिमीटर आरशाच्या दोन दुर्बिणी. एक चिलीत ला सिया इथे २०१० पासून, दुसरी मोरोक्कोत उकाईमेदनला २०१६ पासून. दोन्ही आपोआप चालतात. आपण यादी लावून द्यायची, रात्रीत प्रतिमा जमा होतात. मग खरं काम सुरू. धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याच्या बर्फाची वाफ होते आणि सूर्यप्रकाशात तिचे रेणू तुटत जातात. त्या तुकड्यांचा उजेड आम्ही वेगवेगळ्या फिल्टरमधून मोजतो. सायनोजेन ३८७ नॅनोमीटरला, दोन कार्बन अणूंचा रेणू ५१४ च्या आसपास (धूमकेतूचं डोकं हिरवं दिसतं ते याच्यामुळे), हायड्रॉक्सिल ३०९ ला. त्यावरून सेकंदाला किती पाणी, किती वायू, किती धूळ बाहेर पडते याचा हिशेब मांडायचा. पार्श्वभूमीचे तारे वजा करायचे, ढगाळ रात्री वगळायच्या, पुन्हा मोजायचं. पायथॉन चांगलं येत असेल तर पहिलं वर्ष पुष्कळ सोपं जाईल.

हे काम कंटाळवाणं वाटेल, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. २०२१ मध्ये इथल्याच गटाने दाखवलं की धूमकेतूंच्या वायूत लोखंड आणि निकेल असतं, अगदी सूर्यापासून ४८ कोटी किलोमीटरवरच्या थंडीतसुद्धा, जिथे धातूची वाफ व्हायचं काही कारणच नाही. १०० किलो पाण्यामागे जेमतेम एक ग्रॅम लोखंड, आणि जवळपास तेवढंच निकेल. यातले कितीतरी वर्णपट व्हीएलटी या चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीच्या जुन्या साठ्यात वर्षानुवर्षं पडून होते. लोखंड-निकेलच्या रेषा तिथेच होत्या, कोणी ओळखल्या नव्हत्या. ते वाचलं त्या दिवशी मी माझ्या सगळ्या फाइल पुन्हा उघडल्या.

धूमकेतू आपल्या सवडीने येत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेव. २०२५ च्या १ जुलैला ३आय/ॲटलास सापडला, दुसऱ्या ताऱ्याकडून आपल्या सूर्यमालेत आलेला तिसरा माहीत असलेला पाहुणा. आषाढी एकादशीला मी घरी असणार होते. तिकीट पुढे ढकललं. आई आठवडाभर नीट बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

आता कागदपत्रं. आल्यावर आठ कामाच्या दिवसांत पालिकेत नाव नोंदवायचं. मग पोलीस घरी येऊन तू खरंच तिथे राहतेस का ते बघतो, म्हणून घंटीवर आणि पत्रपेटीवर तुझं नाव हवं. माझ्या पहिल्या घरमालकाने भाडं घेतलं, पण त्या पत्त्यावर नोंदणी करू दिली नाही. रहिवासी कार्ड रखडलं, बँक खातं रखडलं, दोन महिने मैत्रिणीकडून उसने घेऊन काढले. खोली ठरवताना पहिला प्रश्न हाच विचार. आणि फ्रेंच शीक. गटात इंग्रजी चालतं, पण पालिकेत, दवाखान्यात, घरमालकाशी फ्रेंचच लागतं. पुण्यात शिकलीस तर सत्तरला ‘सुआसाँत-दिस’ शिकवतील, इथे ‘सेप्ताँत’ म्हणतात. नव्वदला ‘नोनाँत’.

‘पुढे काय’ हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. पीएचडीनंतर दोन-दोन, तीन-तीन वर्षांचे करार, आणि प्रत्येक वेळी देश बदलायची तयारी. कायमची जागा क्वचित निघते. माझ्यासोबतचे दोघे उपग्रहांच्या सॉफ्टवेअरकडे वळले आणि छान चाललं आहे त्यांचं. पण परतीची वाट आहे. उत्तराखंडात नैनितालजवळच्या देवस्थळची ३.६ मीटरची दुर्बीण लिएजच्याच एका कंपनीने बांधली, २०१६ मध्ये तिचं उद्घाटन झालं. पातळ पाऱ्याचा चार मीटरचा आरसा असलेली दुर्बीणही तिथेच आहे, तिच्यातही लिएजचा सहभाग आहे. अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) धूमकेतूंवर काम होतं, माउंट अबूला त्यांची नवी अडीच मीटरची दुर्बीण आहे. पहिल्या वर्षापासून या लोकांशी संबंध ठेव. मी ते उशिरा केलं.

मार्गदर्शकांना ईमेल करताना तीन गोष्टी स्पष्ट विचार. पैसे किती वर्षांचे मंजूर आहेत, कोणत्या दुर्बिणींचा डेटा मिळेल, आणि त्यांचे आधीचे विद्यार्थी आता कुठे आहेत. तिसऱ्याचं उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरा गट बघ. अर्जाचा मसुदा मला पाठव, वाचून देईन. जन्मदाखल्यावर अपोस्टील (दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) मात्र या महिन्यातच करून घे, इथून ते करायला मला पाच महिने लागले होते.