शनिवारच्या होडीला येण्याआधी

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज तुझ्या आईनं मला पुढे पाठवला. एडिंबरात येऊन धड सामान लागलं नाही तोच तुला समुद्रात होडी वल्हवायची आहे, आणि वर शर्यतीच्या चमूत जागा मिळायला किती दिवस लागतील हेही विचारते आहेस! सांगलीकडची पोर, कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघत वाढलेली, तेव्हा हा प्रश्न येणारच. पण त्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे. आधी तू नेमकं कशात शिरते आहेस ते समजून घे.

विद्यापीठाचा रोइंग क्लब वेगळा आणि हा आमचा समुद्रात वल्हवणाऱ्यांचा क्लब वेगळा. तिथल्या होड्या सुईसारख्या निमुळत्या, बसायची जागा रुळावर पुढे-मागे सरकणारी, पाणी संथ. आमची होडी सेंट एल्स स्किफ. २२ फूट लांब, चांगली रुंद, प्लायवूडच्या फळ्या एकीच्या कडेवर दुसरी चढवून बांधलेली. बसायला साधं लाकडी फळकूट, ते जागचं हलत नाही. चार जण प्रत्येकी एक वल्हं मारतात आणि पाचवा कॉक्स मागे सुकाणू धरून बसतो. वल्हेकऱ्यांची पाठ नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे असते, त्यामुळे पुढे काय आहे हे एकट्या कॉक्सलाच दिसतं.

२००९ साली अँस्ट्रदरच्या स्कॉटिश फिशरीज म्युझियमनं ईअन ऑट्रेड यांच्याकडून या होडीचा आराखडा करून घेतला. शेटलंड आणि ऑर्कनीच्या मधे फेअर आयल नावाचं बेट आहे, तिथल्या जुन्या वल्ह्यांच्या होड्यांवर तो बेतलेला आहे. पूर्वी फाइफमधले, म्हणजे इथून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या भागातले, कोळसा खाणीतले कामगार आपसांत होड्यांच्या शर्यती लावायचे. ती प्रथा कधीच बंद पडली होती. किनाऱ्यावरच्या गावांत तसं काही पुन्हा सुरू व्हावं म्हणून हा खटाटोप. त्यातली खरी हुशारी अशी, की होडी तयार विकत घ्यायची नाही. कापलेल्या फळ्यांचा संच आणायचा आणि गावानं ती स्वतः बांधायची. कुणाच्या तरी शेडमध्ये हिवाळाभर शिक्षक, नर्स, निवृत्त माणसं, शाळेतली पोरं इपॉक्सीच्या डिंकानं हात चिकट करून घेतात आणि वसंतात होडी पाण्यात जाते. पोर्टोबेलो, न्यूहेवन, नॉर्थ बेरिक, तू राहतेस तिथून बसनं गाठता येतील अशा कितीतरी ठिकाणी या होड्या आहेत. आता तर नेदरलँड्स, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचल्या आहेत.

हा इतिहास सांगायचं कारण, तू ज्या होडीत बसशील ती कुणीतरी पॉलिश पेपरनं घासलेली आहे आणि ते कुणीतरी बहुतेक तुझ्या शेजारीच बसलेलं असेल. त्यामुळे पहिल्या दिवशी तुझ्याकडे लोक बघतील ते वल्हं कसं मारतेस म्हणून नाही, ट्रॉलीला हात लावतेस की नाही म्हणून. होडी शेडमधून ट्रॉलीवर पाण्यापर्यंत न्यायची असते. लीथला, म्हणजे एडिंबराच्या बंदराला, उधाणाच्या भरती-ओहोटीत जवळपास ५ मीटरचा फरक पडतो. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की ओल्या वाळूतून होडी ढकलताना सगळ्यांना घाम फुटतो. परतल्यावर पुन्हा तेच, शिवाय होडी गोड्या पाण्यानं धुवायची, तळातलं पाणी काढायचं, वल्ही जागेवर ठेवायची, लाइफजॅकेटं वाळत टाकायची. अर्धे नवे लोक इथेच गळतात. फोटो काढून होतो, मग त्यांना घाई असते. दोन-तीन आठवडे सगळ्यांत शेवटी निघ. कुणी सांगणार नाही, पण पुढच्या यादीत तुझं नाव आपोआप असेल.

आता कपडे. जीन्स नको, सुती टी-शर्टही नको. भिजलेलं सूत अंगाला चिकटून गारठवतं. लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा आतला थर, वर वारा अडवणारं पातळ जाकीट, डोक्याला टोपी. होडी ढकलताना गुडघ्यापर्यंत पाण्यात जावं लागतं, म्हणून निओप्रीनचे बूट घे. सेकंडहँडही चालतील. बसायला फोमचा तुकडा आण आणि त्याची लाज वाटू देऊ नकोस. फळकुटावर तासभर बसल्यावर मोठमोठे गडी कण्हताना मी ऐकले आहेत. हातांना फोड येतील. ते वल्हं करकचून आवळल्यामुळे येतात. बोटांच्या आकड्यात वल्हं नुसतं अडकवलेलं असावं.

पोहता येतं का, हे तू लिहिलेलं नाहीस. येत नसेल तर आधीच सांग. बहुतेक क्लब तेवढ्यासाठी नाही म्हणत नाहीत, कारण लाइफजॅकेट सगळ्यांनाच सक्तीचं असतं, पण कॉक्सला ते माहीत हवं. जॅकेट आपोआप फुगणारं असेल तर गॅसची नळकांडी घट्ट पिळलेली आहे का, हे दरवेळी स्वतःच्या हातानं बघ, आणि मांड्यांमधून येणारा पट्टा लाव. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि तू खाली राहतेस.

इथली खरी भीती बुडण्याआधीच्या थंडीची आहे. मार्चमध्ये इथलं समुद्राचं पाणी पाच-सहा अंशांवर असतं. त्यात अचानक पडलं की छाती आवळते, श्वास धापांवर जातो आणि माणूस घाबरून हातपाय मारायला लागतो. नेमकं तेच करायचं नाही. डोकं मागे टाकून, कान पाण्यात जाऊ देऊन तरंगायचं. मिनिट-दीड मिनिटात श्वास ताळ्यावर येतो, मग होडीकडे बघायचं. आरएनएलआय, म्हणजे इथली जीवरक्षक नौकांची संस्था, हेच कानीकपाळी ओरडून सांगत असते. आपल्यासारख्यांना फसवतं ते एप्रिलचं ऊन. बाहेर कोट काढावासा वाटतो तेव्हा पाणी जेमतेम हिवाळ्यातून उठलेलं असतं. उलट सप्टेंबरात आभाळ भरलेलं असलं तरी पाणी वर्षातलं सगळ्यांत उबदार म्हणावं असं असतं. शिकायला तोच महिना चांगला, म्हणून तू आत्ता विचारलंस ते बरं झालं.

वाऱ्याचं गणित मात्र मुळापासून शिक. आपला किनारा फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या दक्षिण अंगाला आहे. वारा दक्षिणेचा असला की तो जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि किनाऱ्यालगत पाणी आरशासारखं दिसतं. नव्या माणसाला वाटतं, काय सुरेख दिवस! मैलभर आत गेलं की लाटा उठायला लागतात, आणि परतताना तोच वारा तोंडावर. जाताना वीस मिनिटं लागली तिथे येताना चाळीस लागतात, तेही दमलेल्या हातांनी. अशा दिवशी आमची कॉक्सबाई सगळ्यांना किनाऱ्याला धरून नेते, आणि कधी कधी ट्रॉलीपाशीच सांगते, "आज नाही." थर्मास भरून, कपडे चढवून आलेली माणसं मुकाट्यानं होडी परत शेडमध्ये ढकलतात. त्यावेळी "थोडंसंच जाऊन येऊ की" असं म्हणणारी तू होऊ नकोस. मग लोक चहा पितात, कुणी वल्ही अडकवायच्या खुंट्यांना वंगण लावतं, कुणी गाठी मारायला शिकवतं. मला तर ते शनिवार जास्त आवडतात, पण तुझ्या वयात मलाही आवडले नसते.

पूर्वेच्या वाऱ्याबरोबर वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला धुकं येतं, त्याला इथे 'हार' म्हणतात. उबदार हवा थंड उत्तर समुद्रावरून सरकते आणि बघता बघता किनारा पुसला जातो. म्हणून होडीत होकायंत्र आणि व्हीएचएफ रेडिओ असतो. चॅनेल १६ कशासाठी आहे, रेडिओ कसा धरायचा, हे पहिल्याच महिन्यात विचारून घे. कॉक्सच पाण्यात पडला तर कोण बोलणार?

सफरींबद्दल लिहायचं तर कागद पुरणार नाही. नॉर्थ बेरिकच्या बाजूला गेलीस तर बॅस रॉक बघशील. शंभर मीटरहून उंच काळा कातळ, आणि उन्हाळ्यात तो पांढरा दिसतो, कारण त्यावर गॅनेट पक्षी दाटीवाटीनं बसलेले असतात. या जातीच्या जगातल्या सगळ्यांत मोठ्या वसाहतींपैकी एक तिथली. होडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला आली की आधी वास येतो, सुकटीच्या बाजारासारखा, मग कलकलाट, आणि मग डोक्यावरून पंख मिटून एकेक पक्षी पाण्यात बाणासारखा घुसतो. आपल्या वल्ह्यापासून चार हातांवर पाणी फाटतं आणि चौघांची लय एकदम बिघडते; कॉक्स ओरडते, कुणी ऐकत नाही. २०२२ मध्ये बर्ड फ्लूनं तिथे फार पक्षी मेले. तेव्हापासून जुनी माणसं तिथे जाताना नकळत हळू बोलतात. विणीच्या काळात कातळापासून अंतर राखायचं, सीलच्या जवळ जायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही.

सहलीला जाताना प्रत्येकजण काहीतरी खायला आणतो. इथे लेमन ड्रिझल केकवरून लोकांची नावं लक्षात राहतात. मी शंकरपाळे नेते. डब्यात भिजत नाहीत, ओल्या हातानं खाता येतात, आणि कुणाला सुरी लागत नाही.

आता शर्यतीचं. रेगाटे, म्हणजे होड्यांच्या शर्यतींचे मेळावे, उन्हाळाभर किनाऱ्यावरच्या गावांत होतात. सर्वसाधारणपणे जाऊन-येऊन २ किलोमीटर, मधे बोयाला वळसा. चाळिशी, पन्नाशी, साठी ओलांडलेल्यांच्या वेगळ्या शर्यती असतात, त्यामुळे तुझ्या वयाच्या मुलींची उलट टंचाईच असते. स्किफींची जागतिक स्पर्धाही होते. पहिली २०१३ मध्ये अलापूलला झाली, नंतर स्ट्रँगफर्ड लॉक, स्ट्रॅनरार. जागा तुला लवकर मिळेल. पण पहिलं वर्षभर दोन किंवा तीन नंबरला बस. चार नंबरचा, कॉक्ससमोर बसणारा वल्हेकरी म्हणजे स्ट्रोक, तो लय देतो, बाकीचे त्याच्या पाठीकडे बघून घेतात. मधे बसलीस की समोरची पाठ कधी वाकते, वल्हं पाण्यात कधी शिरतं, हे अंगात भिनतं. तू व्यायामशाळेत जातेस, ताकद आहे, आणि सुरुवातीला त्याच ताकदीनं होडी एका बाजूला खेचशील. कॉक्स "दोन नंबर, हलकं" म्हणाली की रागावू नकोस. पाय टेकणीला रोवून पाठीनं ओढ, दंडानं नाही.

वल्हं पाण्यात अडकून मूठ छातीवर आदळेल. सगळ्यांचं होतं. मूठ सोडून मागे झुक, वल्हं डोक्यावरून जाऊ दे, "सॉरी" म्हणत वेळ घालवू नकोस, बाकी तिघं थांबलेले असतात.

शनिवारची वेळ शुक्रवारी रात्री कळते, भरती आणि वाऱ्याचा अंदाज बघून. तेव्हा फोन बंद ठेवू नकोस. पायमोज्यांची एक जास्तीची जोडी आण. आणि आईला आधीच कळवून ठेव, नाहीतर ती मला फोन करत बसेल.

तुझी,
मावशी